उसाचे जस्त आणि म्हातारपणाचे जस्त



जमिनीत जस्त कमी असेल तर लागणीच्या वेळी हेक्टरी २० किलो झिंक सल्फेट शेणखतात मुरवून सरीत द्यावे, ही शिफारस आता आपल्या कार्यक्षेत्रात बहुतेकांना तोंडपाठ आहे. पानांवर शिरांच्या मधे फिकट पट्टे दिसू लागले, पेरे आखूड राहिले, की "झिंक कमी पडलंय" असे शेतकरी स्वतःच सांगतो. हेच झिंक, म्हणजे आपल्या बादलीच्या पत्र्यावर चढवतात ते जस्त, अलीकडे गोळीच्या रूपाने घरात आले आहे. २०२० आणि २०२१ साली करोनाच्या साथीत लोकांनी औषधाच्या दुकानातून पट्ट्याच्या पट्ट्या आणल्या. साथ ओसरली, पण कित्येक घरांत थोरल्या माणसांच्या उशाशी ती पट्टी राहिलीच. गट कार्यालयात विचारणा होते, "वडिलांना चालू ठेवू का बंद करू?" कोणी विचारतो, "खतातलं झिंक आणि गोळीतलं झिंक एकच ना? मग पोतं घरात असताना गोळ्या कशाला विकत आणायच्या?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. धातू एकच, पण पोत्यातले झिंक सल्फेट माणसाने खायचे नाही. ते खतासाठी तयार केलेले असते, औषधाइतके शुद्ध केलेले नसते. शिसे, कॅडमियम असले घातक धातू त्यात थोड्या प्रमाणात असू शकतात. पिकाला ते चालते, आपल्या मूत्रपिंडाला चालत नाही. आणि मापाचा हिशेब पाहा. पोत्यावर २१ टक्के लिहिलेले असते. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम खत घेतले, तर त्यात १००० मिलिग्रॅमच्या वर जस्त झाले. माणसाला दिवसाकाठी लागते १७ मिलिग्रॅम. चिमूट म्हणाल तरी ती कितीतरी पटींनी जास्तच होणार. पोटात आग, उलट्या, जुलाब हा त्याचा पहिला परिणाम. तेव्हा खताचे पोते शेडमध्ये आणि गोळी गोळीच्या जागी.

जस्त माणसाला लागते हे कळले कसे

पिकांना जस्त लागते हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधी माहीत होते. माणसाला त्याची कमतरता पडू शकते हे मात्र १९६० सालापर्यंत डॉक्टर मंडळी मानायला तयार नव्हती. जस्त सगळीकडे आहे, कमी कसे पडेल, असा त्यांचा समज. तो समज मोडला एका भारतीय डॉक्टरने. डॉ. आनंद प्रसाद हे मूळचे बिहारमधील बक्सरचे. अमेरिकेत शिक्षण घेऊन १९५८ साली ते इराणमध्ये शिराझ शहरी कामाला गेले. तिथे त्यांच्यापुढे एक २१ वर्षांचा तरुण आला. दिसायला जेमतेम दहा वर्षांचा पोरगा. दाढी-मिशीचा पत्ता नाही, अंगात रक्त नाही, यकृत आणि पानथरी सुजलेली. खाणे काय, तर न आंबवलेल्या गव्हाच्या पिठाची भाकर, मांस जवळजवळ नाहीच, आणि सवय माती खाण्याची. असे रुग्ण एक-दोन नव्हते. नुसत्या रक्तक्षयाने वाढ इतकी खुंटत नाही, हे प्रसादांच्या ध्यानात आले. पुढे ते इजिप्तमध्ये गेले, तिथे तसेच रुग्ण पाहिले, तपासण्या केल्या आणि जस्ताची उणीव १९६३ सालापर्यंत दाखवून दिली. जस्त सुरू केल्यावर त्यातली काही मुले वर्षभरात पाच-सहा इंच वाढली. खुंटलेला ऊस झिंक दिल्यावर उठतो ते आपण पाहतोच, इथे माणसाचे पोर उठले.

आता कोणी म्हणेल, गव्हात जस्त असते, मग भाकर खाऊन कमतरता कशी? इथे आपल्या शेतकऱ्याचे ज्ञान उपयोगी पडते. झिंक सल्फेट आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवू नका, असे आपले शेतकी खाते सांगते. का? तर स्फुरद जस्ताला बांधून टाकतो आणि मुळाला ते मिळत नाही. पोटातही असाच प्रकार होतो. दाणा पुढच्या रोपासाठी स्फुरद साठवून ठेवतो, तो फायटेट नावाच्या पदार्थाच्या रूपात, मुख्यतः कोंड्यात आणि अंकुराच्या भागात. हे फायटेट आतड्यात जस्ताला धरून बसते. जस्त ताटात आहे, पोटातही गेले, पण रक्तात पोहोचले नाही. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणात पुरुषाला दिवसाला १७ आणि बाईला १३ मिलिग्रॅमच्या थोडे वर जस्त धरले आहे, तर अमेरिकेत हेच आकडे ११ आणि ८ आहेत. आपले पोट निराळे नाही, आपले ताट निराळे आहे.

म्हातारपणीच का

प्रौढ माणसाच्या शरीरात जस्त असते सारे दोन-तीन ग्रॅम. बहुतेक स्नायूंत आणि हाडांत. शरीरातल्या तीनशेहून अधिक विकरांच्या (एन्झाइमांच्या) कामाला ते लागते. जखम भरणे, जिभेची चव, नाकाचा वास, आणि रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होणे, या सगळ्यात त्याचा हात आहे. लोहाचा साठा यकृतात असतो, कणगीत धान्य असावे तसा. जस्ताची अशी कणगी शरीरात नाही. रोजचे रोज आणायचे आणि रोजचे रोज खर्चायचे.

आणि म्हातारपणी आणणे कमी होते. दात गेले की भाकरी कडक लागते, हरभरे-शेंगदाणे बंद होतात, मटण चावत नाही. मग सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात-आमटी, रात्री दुधात कुस्करलेली चपाती. पोट भरते, जस्त भरत नाही. (आपल्या कारखान्याच्या साखरेत तर ते जवळजवळ नाहीच, हे आमच्या तोंडून ऐकून घ्या.) त्यातच मधुमेह असला तर लघवीवाटे जस्त जास्त जाते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या असतात, त्यांनीही जाते. दारूने यकृत बिघडले असेल तर विचारूच नका.

"मग रक्त तपासून घेऊ," असे काही जण म्हणतात. तपासणी होते, पण तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. अंगात ताप किंवा कसलाही दाह असला की रक्तातले जस्त तात्पुरते खाली जाते. सकाळी उपाशीपोटी एक आकडा, जेवणानंतर दुसरा. एका कागदावरून निकाल लावता येत नाही, डॉक्टरला माणूस आणि त्याचे खाणे दोन्ही पाहावे लागते.

गोळीने काय होते

पुढे हेच डॉ. प्रसाद अमेरिकेत डेट्रॉइटला स्थायिक झाले. तिथे त्यांनी ५५ ते ८७ वयाच्या पन्नास माणसांवर प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम जस्त, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली गोळी. वर्षाअखेर पाहिले तर पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी ८८ टक्के लोकांना काही ना काही संसर्ग झाला होता, जस्त घेणाऱ्यांत २९ टक्के. फरक डोळ्यात भरणारा आहे. तरी आमचे म्हणणे असे की पन्नास माणसे म्हणजे पन्नासच. एका गुंठ्यातल्या उसावरून आपण तालुक्याचे गाळप ठरवत नाही. त्याच वर्षी बोस्टन भागातील वृद्धांच्या शुश्रूषागृहांतल्या सहाशेवर माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात जस्त पुरेसे होते त्यांना न्यूमोनिया कमी होत होता आणि जंतुनाशक औषधेही कमी लागत होती. पण ही नुसती पाहणी होती. ज्यांची तब्येत मुळात बरी आणि खाणे चांगले, त्यांचे जस्तही चांगले असणार. जस्तामुळे तब्येत की तब्येतीमुळे जस्त, हे पाहणीतून सुटत नाही.

सर्दी-पडशाचे म्हणाल, तर जगभरच्या चौतीस प्रयोगांचा एकत्र आढावा २०२४ साली निघाला. जस्त घेतल्याने सर्दी टळते असे त्यात दिसले नाही. आलेली सर्दी दोनेक दिवस लवकर जात असावी, पण तेही खात्रीने सांगण्याजोगे नाही. आणि ज्या करोनासाठी पट्ट्या आणल्या, त्यावर अमेरिकेत २१४ रुग्णांवर झालेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. रोज ५० मिलिग्रॅम जस्त देऊनही दुखणे लवकर बरे होण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा साथीच्या वेळची ती पट्टी आजही चालू असेल, तर तिला आधार उरलेला नाही. पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे असे आहे. डॉक्टरने दुसऱ्या कारणासाठी लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र पुरावा भक्कम आहे, आणि त्याबद्दल गैरसमजही तितकाच मोठा आहे. म्हातारपणी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतो. समोरच्या माणसाचा चेहराच पुसट होतो, कडेचे तेवढे दिसते. हा मोतीबिंदू नव्हे. अमेरिकेत ३६४० माणसांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २००१ साली आला. जस्त, थोडे तांबे, आणि क व ई जीवनसत्त्वे वगैरे एकत्र देऊन, ज्यांचा रोग मधल्या टप्प्यात होता त्यांच्यात तो शेवटच्या टप्प्यापर्यंत जाण्याचे प्रमाण पाच वर्षांत सुमारे चौथ्या हिश्शाने कमी झाले. रोग सुरुवातीला असेल तर फायदा दिसला नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूला त्याचा उपयोग नाही, त्याला शस्त्रक्रियाच. त्या गोळीत जस्त होते ८० मिलिग्रॅम, म्हणजे औषधाचे माप, आहाराचे नव्हे. इतके जस्त घेणाऱ्यांत मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात दाखल होणारे जास्त निघाले. शिवाय पहिल्या मिश्रणात बीटा-कॅरोटीन होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, आणि ओढून सोडलेल्यांनाही, त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो असे दिसल्याने २०१३ सालच्या दुसऱ्या प्रयोगानंतर त्याऐवजी दुसरे घटक घालण्याची शिफारस झाली. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने विडी कधीच ओढली नाही असे घर शोधावे लागेल. म्हणून हे मिश्रण नेत्रतज्ज्ञाने पडदा तपासून लिहून दिले तरच घ्यावे, शेजाऱ्याने सांगितले म्हणून नव्हे.

जास्त झाले तर

"जादा खत घातलं तर थोडं वाया जाईल, दुसरं काय होणार?" हा हिशेब जस्ताला लागू नाही. आतड्यात जस्त फार आले की तिथल्या पेशी ते धरून ठेवणारे एक प्रथिन भराभर बनवतात. गंमत अशी की हे प्रथिन जस्तापेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरते. चार-पाच दिवसांत त्या पेशी झडून शौचावाटे जातात आणि बरोबर तांबेही जाते. असे महिनोन्‌महिने चालले की शरीरातले तांबे संपत येते. रक्त कमी होते, पांढऱ्या पेशी घटतात, म्हणजे ज्या प्रतिकारशक्तीसाठी गोळी घेतली तीच बसते. पुढे पायांना मुंग्या येतात, चालताना झोक जातो, अंधारात तोल राहत नाही. घरचे म्हणतात वय झालं. पण ती मज्जारज्जूची इजा असते, आणि जस्त थांबवून तांबे दिले तरी रक्त सुधारते, चाल पूर्ण सुधारेलच असे नाही. परदेशात कवळी चिकटवण्याच्या एका मलमात जस्त असायचे. ते सैल कवळीसाठी ढीगभर वापरणाऱ्या लोकांना नेमके हेच झाले, आणि ही गोष्ट २००८ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली. घरात तांब्याच्या तांब्यातले पाणी पितात म्हणून आपल्याला भीती नाही, असे कृपया समजू नये.

पोषण संस्थेने वरची मर्यादा घातली आहे ती दिवसाला ४० मिलिग्रॅमची, अन्न आणि गोळी मिळून. बाजारात ५० मिलिग्रॅमच्याही गोळ्या मिळतात. पट्टी वाचताना एक लक्षात ठेवा. खताच्या पोत्यावर जसे २१ टक्के किंवा ३३ टक्के पाहता तसेच इथेही आहे. झिंक सल्फेट किंवा झिंक ग्लुकोनेट किती, हा एक आकडा, आणि त्यात 'एलिमेंटल झिंक' म्हणजे निव्वळ जस्त किती, हा दुसरा. हिशेब दुसऱ्या आकड्याचा करायचा. ५० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेटात निव्वळ जस्त सातच्या आसपास असते. बरे, दोन-तीन वेगवेगळ्या नावांची टॉनिके चालू असतील तर त्या प्रत्येकात जस्त असू शकते, त्यांची बेरीज करावी. लहान मुलांच्या जुलाबासाठी ओआरएसबरोबर १४ दिवस देतात ती २० मिलिग्रॅमची गोळी वेगळ्या कामाची आहे, तिचे माप म्हाताऱ्यांना लावू नये. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही जंतुनाशके जस्ताबरोबर घेतली तर लागू पडत नाहीत. लोहाच्या गोळीचीही जस्ताशी चढाओढ असते. दोन्हींत अंतर किती ठेवायचे ते डॉक्टरला विचारावे.

आणखी एक. "तोंडाला चव नाही, जेवण जात नाही" हे जस्ताच्या कमतरतेचे लक्षण असू शकते, पण ते क्षयाचेही असते, कर्करोगाचेही असते, तंबाखूने पोळलेल्या तोंडाचेही असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही असते. वजन उतरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसाला चार महिने झिंकच्या गोळ्या देत बसणे म्हणजे मुळात वाळवी लागलेली असताना पानावर फवारणी करणे. आधी तपासणी. मोठे जुलाब बरेच दिवस चालले असतील, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झाल्या असतील, तर जस्ताबद्दल डॉक्टरला आपणहून विचारावे. तिथे गोळीचा खरा उपयोग होऊ शकतो.

ताटातले जस्त

शंभर ग्रॅमला बाजरीत जस्त असते पावणेतीन मिलिग्रॅमच्या आसपास, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच, ज्वारीत दोन, तांदळात सव्वा. बोकडाच्या मटणात चारच्या आसपास, आणि ते अंगीही चांगले लागते. तिळात सातच्या आसपास, आणि लाल भोपळ्याच्या ज्या बिया आपण उकिरड्यावर टाकतो त्यांतही तेवढेच. आता सत्तरीच्या माणसाचा दिवस धरा. २०० ग्रॅम ज्वारीचे पीठ म्हणजे चार, ५० ग्रॅम डाळ म्हणजे दीड, पावशेर दुधाचे एक. झाले साडेसहा. त्यात मूठभर शेंगदाण्याचे कूट आणि दोन चमचे तिळाची चटणी घातली तर आणखी दीड-दोनाची भर. सतरा हा आकडा जवळजवळ सर्वांना पुरावा म्हणून वर धरलेला असतो, त्याखाली गेला तो लगेच आजारी असे नव्हे. पण साडेसहा आणि सतरा यात अंतर आहे हे खरे.

ते कमी करायला आपल्या आयाबायांना कोणी शिकवायला नको. मटकी, मूग, हुलगे यांना मोड आणले की फायटेट तुटते. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री भिजवून आंबवले की तेच होते. आंबील ही दात नसलेल्या माणसाला चालणारी, वर ताक घातलेले, म्हणजे दुधातले प्रथिनही आले. तीळ आणि भोपळ्याच्या बिया भाजून बारीक कुटून आमटीत घातल्या की चावण्याचा प्रश्न नाही. अंडे चालत असेल तर उकडून कुस्करून द्यावे. मटण चालत असेल तर खिमा किंवा चांगले शिजलेले मऊ मांस द्यावे, नुसता रस्सा देऊन भागवू नये.

शेवटी शेतातली गोष्ट. काही नव्या वाणांच्या दाण्यातच जस्त जास्त आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी गहू आणि परभणी कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ही ज्वारी, दोन्ही २०१८ सालची. शिवाय गहू चिकात असताना अर्धा टक्का झिंक सल्फेटची फवारणी केली, म्हणजे १०० लिटर पाण्यात अर्धा किलो, तर दाण्यातले जस्त वाढते, हे अनेक देशांतल्या प्रयोगांत दिसले आहे. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. खोडवा मोडून रब्बीत घरच्या खाण्यापुरते धान्य करणाऱ्या सभासदांनी बियाण्याची चौकशी आपल्या गटाच्या शेतकी कर्मचाऱ्याकडे पेरणीच्या आधी करावी, आणि त्या रानाची माती तपासायला द्यायची असेल तर ऊस तुटल्यावर, नवे खत पडण्याच्या आत द्यावी.